निरोप्याचा डावा पाय

स्टेशनमास्तरांनी माझ्या हातातला तारेचा फॉर्म घेतला, कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला आणि विचारलं, "पान? कयुं पान?" म्हणजे कुठलं पान.

फॉर्मवर मी नुकतेच उतरवून घेतलेले चार शब्द होते. 'माझ्या घरी पान लागलं.' अक्षरं इंग्रजी, भाषा मराठी. तारेच्या कडकट्टात आपली बाराखडी नव्हती, त्यामुळे खाजगीतलं काही बोलायचं तर ते असंच बोलावं लागे. खाजगी बोलायला अर्थात बंदी होती. सगळे बोलत.

मागे रामदीन कंदिलांच्या काचा पुसत बसला होता. रामदीन आमचा पॉइंट्समन, म्हणजे रुळांचे सांधे बदलणारा. माणूस अलाहाबादेकडचा. त्याच्या कानावर 'पान लागलं' पडलं तसा तो खुशीत म्हणाला, "लग गया तो एक इधर भी भिजवा दो, बाबूजी." त्याच्याकडे पान लागणं म्हणजे चुना-कात लावून विडा तयार होणं. मास्तर मगनभाई सुरतेकडचे. त्यांच्या लेखी पान म्हणजे झाडाचं नाहीतर वहीचं, आणि ते कुणाला लागलं तर लागू देत, त्यात तार करण्यासारखं काय, असा त्यांचा चेहरा. आणि मी पेणचा. आमच्याकडे पान लागलं म्हणजे साप चावला. सापाचं नाव काढायचं नाही आणि चावला असंही म्हणायचं नाही. खानदेशातही तस्संच म्हणतात. एका खोलीत तिघंजण, शब्द एकच, आणि त्यात साप दिसला फक्त मला.

मी दोघांना सांगितलं. रामदीनच्या हातातलं फडकं थांबलं. शब्दाचा घोटाळा तिथंच मिटला, त्यामुळे पुढं काही गंमत आहे असं समजून वाचू नका. गंमत तेवढीच होती.

ही गोष्ट दुसरी लढाई सुरू व्हायच्या चार-पाच वर्षं आधीची. सुरतेकडून जळगावला जाणाऱ्या रुळावर धुळ्याच्या बाजूला एक लहानसं स्टेशन होतं, तिथं मी सिग्नलर होतो. लोक आम्हाला तारबाबू म्हणत. टेबलावर एक की असते, ती बोटानं दाबायची की तार जाते. शेजारी साउंडर असतो, म्हणजे पितळेची कट्-कट् करणारी पट्टी. येणारी तार ती बोलते आणि आपण कानानं ऐकून लिहायची. आमच्या लाइनवर सगळी स्टेशनं एकाच तारेवर ओवलेली होती. एकानं की दाबली की झाडून सगळ्यांचे साउंडर वाजणार. कुणाच्या पोटात काही राहायचं नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, नाहीतर मला परत सांगावी लागेल, आणि परत सांगायचा मला कंटाळा आहे.

तार पाठवणारा बळीराम चौधरी, जळगावच्या अलीकडे, एरंडोल तालुक्यातल्या एका स्टेशनावरचा सिग्नलर. आमच्यामध्ये वीसेक कोस असतील. त्याला मी कधी पाहिलं नव्हतं, पण वर्षभर रोज ऐकत होतो. प्रत्येक सिग्नलरचा एक हात असतो. कुणी घाईत दाबतो, कुणी लांबवतो. बळीरामचा हात रेंगाळणारा होता, प्रत्येक शब्दाच्या शेवटी जरा विसावा घेणारा. मूळचा तो यावलकडच्या केळीवाल्यांपैकी. 'माझ्या घरी' म्हणजे घरात कुठंतरी नव्हे, बायको. तिचं नाव कसं घ्यायचं, म्हणून पुरुष असं म्हणत.

दुसरी तार लगोलग आली. 'नानाला कळव. लवकर.'

नाना म्हणजे आमच्या स्टेशनापासून चार शेतं पलीकडे राहणारा एक म्हातारा शेतकरी. पान उतरवणारा म्हणून त्याची ख्याती पार नंदुरबारपासून जळगावपर्यंत. कुणाकडून सुपारीचं खांडसुद्धा घेत नसे. माझा ह्या गोष्टींवर काडीचा विश्वास नव्हता. मी रामदीनला नानाकडे पळवलं खरं, पण की हातात घेऊन बळीरामला खडसावलं, की नाना गेला खड्ड्यात, तिला जळगावच्या मोठ्या इस्पितळात ने, तिथं सुईचं औषध मिळतं. तो म्हणाला, कशातून नेऊ? पॅसेंजर संध्याकाळी. बैलगाडीनं जळगाव गाठेपर्यंत दिवस बुडेल. तेव्हा घड्याळात बारा वाजायला वीस मिनिटं होती.

मग मी मास्तरांच्या मागं लागलो. एक मालगाडी नुकतीच आमच्याकडून पास झाली होती. ती पावणेदोनच्या सुमारास बळीरामच्या स्टेशनावरून जाणार, पण तिथं थांबणार नव्हती. ती थांबवायची आणि बाईला गार्डच्या डब्यात घालून जळगावला न्यायची. मगनभाई एरवी टाचणीसुद्धा नियमाशिवाय हलवत नसत. त्या दिवशी त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, स्वतःच्या नावानं तार लिहून दिली आणि अमळनेरहून ती गार्डला पोचवायची व्यवस्था केली. मला त्यांचा फार आदर वाटला. आणि स्वतःबद्दल तर काय विचारता! बळीरामची बायको मीच वाचवली, असं मला तेव्हाच वाटायला लागलं होतं.

नाना आला तेव्हा बारा वाजले होते. डोक्याला मळकं पागोटं, अंगात बंडी, पायात काही नाही. आश्विनातलं ऊन होतं, बाहेर चिटपाखरू नव्हतं. तो दारात उभा राहिला, आत आला नाही. मी म्हटलं, बाई तिकडे आहे, तुम्ही इथं काय करणार? त्यानं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि विचारलं, "हाई पहिलांदा कोनी ऐकं?"

मी म्हटलं, तारेवर आलं, मी ऐकलं.

"तू ऐकं ना? मंग तूच निरोप्या. उभा ऱ्हाय."

मला वाटलं निरोप्या रामदीन, कारण निरोप घेऊन गेला तो. मी तसं म्हटलंसुद्धा. पण रामदीन अगोदरच दोन पावलं मागं सरला होता. तो मला हळूच म्हणाला, "जिसने पहले सुना, आधा उसी को चढ़ता है, बाबूजी. नाना उसी में से उतारेगा." म्हणजे पान लागलेल्या माणसाला हात न लावता, निरोप आणणाऱ्या माणसाच्या अंगातून उतारा द्यायचा. ही त्या मुलखाची रीत. माणूस वीस कोसांवर असो की दोनशे, निरोप्या हाती लागला म्हणजे झालं. तार आल्यापासून निरोप्या म्हणजे कोण, हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. तो नानानं त्या दिवशी दारातच सोडवला.

मी चिडलो. मला गाड्या सोडायच्या आहेत, माझ्याकडे असल्या थेरांना वेळ नाही, वगैरे बरंच बोललो. मगनभाई मध्ये पडले. ते पंचवीस वर्षं ह्या लाइनवर होते. म्हणाले, "दामले, ऊभा रहो ने. तमारुं शुं जाय छे?" खरंच, माझं काय जात होतं! मी उभा राहिलो.

नानानं तिचं नाव विचारलं. नावाशिवाय चालायचं नाही म्हणाला. मी की दाबून बळीरामला विचारलं. साउंडर गप्प. पुन्हा विचारलं. गप्पच. लग्नाला सात-आठ वर्षं झालेली, आणि त्या माणसानं ते नाव एकदाही तोंडातून काढलेलं नव्हतं, चारचौघांत तर नाहीच. आणि आता तारेवर काढायचं, अख्ख्या लाइनला ऐकू जाईल असं. मी वाट पाहत राहिलो. मग एकेक अक्षर आलं, मध्ये एवढा वेळ घेऊन की मला वाटलं तार तुटली. काशी.

मी नानाला नाव सांगितलं. तो खाली बसला आणि त्यानं माझे दोन्ही पाय घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चाचपले. हात खडबडीत आणि उन्हातून येऊनही गार. उजवा पाय सोडला. डाव्या पायाच्या करंगळीपाशी थांबला आणि म्हणाला, आठे. इथं. मग घोट्याच्या वर काळा दोरा बांधला आणि गाठीवर अंगठा दाबून पुटपुटायला लागला.

मी लगेच बळीरामला विचारलं, कुठल्या पायाला लागलंय? मनात म्हटलं, म्हाताऱ्याला आत्ताच तोंडघशी पाडतो. उत्तर आलं. 'डावा. करंगळी.'

दोनातला एक पाय बरोबर येणं काही अवघड नाही हो. करंगळीचंही, शेतात गवतात पाय पडला की बहुतेक बाहेरच्याच बोटाला लागतं. मी स्वतःला हे सांगितलं. पण माझ्या मानेवरचे केस उभे राहिले होते, हे लपवण्यात अर्थ नाही.

नानानं नियम सांगितले. तो दोरा सोडेपर्यंत बसायचं नाही, पाणी प्यायचं नाही, तोंडात काही टाकायचं नाही. "दिन बुडस तोवर," म्हणाला. सूर्य मावळेपर्यंत! म्हणजे सहा तास. मी मास्तरांकडे पाहिलं, मास्तरांनी खिडकीबाहेर पाहिलं. काम करायला मात्र त्याची हरकत नव्हती. म्हणून मी टेबलापाशी उभ्यानं की चालवत राहिलो, आणि टेबलाखाली एक म्हातारा माझा पाय धरून बसलेला. त्या अवस्थेत मी दोन गाड्यांना पुढं यायची मुभा म्हणून लाइन क्लिअर दिला. कुणी साहेब अचानक आला असता तर माझी नोकरी गेली असती आणि साहेबाची शुद्ध.

साडेबाराच्या आसपास पाय जड व्हायला लागला. आधी करंगळी, मग पाऊल. मुंग्या येतात तसं नव्हे. पाऊल आपलं नाहीच, कुणी आणून लावलंय असं. मग घोटा गेला. दोऱ्याच्या वरही चढलं, पिंढरीपर्यंत. मी उजव्या पायावर भार टाकला. उजवा अगदी ठणठणीत. मी नानाला सांगितलं नाही, पण तो दोऱ्यावरून हात वर सरकवत होता आणि बरोबर जिथपर्यंत मला कळत नव्हतं तिथपर्यंतच थांबत होता. मी घाबरलो होतो. पहिल्यांदा मला वाटलं, हे आपल्यालाच होतंय.

मधूनमधून बळीरामची तार येत होती. शुद्धीवर आहे. डोळे मिटतायत. पाणी मागते. त्याचं घर स्टेशनाला लागूनच, आळीतल्या बायका तिच्यापाशी बसलेल्या. तो दोन मिनिटं घरी जाई, परत येऊन की दाबे. हात भलताच विस्कटलेला, अर्धी अक्षरं गळलेली.

एक वाजायला पाच मिनिटं कमी होती. घड्याळ माझ्या समोरच होतं, म्हणून मला माहीत आहे. माझा पाय एकदम मोकळा झाला. हळूहळू नव्हे. डोक्यावरची पाटी कुणी उचलून घ्यावी तसा. करंगळी हलली, पाऊल गरम झालं. मी आनंदानं खाली वाकून म्हटलं, "नाना, उतरलं!"

नानानं पाय सोडला नाही, उलट आणखी घट्ट धरला. तोंडानं पुटपुटणं चालूच, पण डोळे मिटलेले. मगनभाई दारात उभे होते. त्यांनी नानाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आत जाऊन खुर्चीवर बसले. मला वाटलं, चला, सुटलो. दोरा तेवढा राहिलाय.

त्यानंतर वीस मिनिटं बळीरामकडून काही नाही. मग तार आली, 'ठीक आहे.' मी विचारलं, शुद्धीवर आहे? 'आहे.' पाय? 'उतरतंय.' आणि मला एक गोष्ट जाणवली, ती मी तेव्हाच बोलायला हवी होती. हात बळीरामचाच, पण त्यातला रेंगाळपणा पार गेला होता. एकेक अक्षर स्वच्छ, मोजून-मापून, शिकाऊ पोरांना उदाहरण म्हणून ऐकवावं असं. मी म्हटलं, जिवाला जरा धीर आला असेल त्याच्या. माणूस स्वतःला पटतं तेच ऐकतो.

पावणेदोनला त्याची तार, 'मालगाडीत चढवली.' मी टेबलावर थाप मारली. रामदीनला म्हटलं, पाहिलंस? हे माझं औषध, तुमच्या दोऱ्याचं नव्हे. रामदीन हसला नाही. तीन वाजता मी जळगावला विचारलं, गाडी आली का, बाई पोचली का? जळगावचा सिग्नलर एरवी मला दोन शिव्या दिल्याशिवाय उत्तर देत नसे. त्या दिवशी बराच वेळ थांबून त्यानं एवढंच दिलं, 'पोचली. इस्पितळात नेली.'

मग मी नानाला म्हटलं, आता सोडा, बाई डॉक्टरांच्या हातात गेली. घसा वाळून लाकूड झाला होता. त्यानं मान हलवली. दिवस बुडेपर्यंत नाही म्हणजे नाही. मी मास्तरांना मध्यस्थी करायला सांगितली. मगनभाई, ज्यांचा ह्या असल्या गोष्टींशी काही संबंध नव्हता, ते म्हणाले, थांबायचं. आवाज असा की मी पुन्हा की हातात घेतली. ती दुपार मला आठवते ती अशी: बाहेर पांढरं ऊन, आत घड्याळ आणि साउंडर, आणि आम्ही चौघं, एकमेकांकडे न पाहता. लाइनवरही विचित्र शांतता होती. रोज दुपारी गप्पांना ऊत यायचा, त्या दिवशी गाड्यांपुरतं बोलून प्रत्येक स्टेशन गप्प होत होतं. तार चालू आहे, माणसं दुसऱ्या टोकाला बसलेली आहेत, आणि कुणी बोलत नाही. अंगावर काटा येत होता, आणि का येतोय ते कळत नव्हतं.

सूर्य रुळांच्या टोकाला टेकला आणि गेला. नानानं कमरेचा विळा काढून दोरा कापला, रुळांपलीकडे नेऊन मातीत पुरला. परत आला. मला स्वतःच्या हातानं तांब्यातलं पाणी पाजलं, नुसतं दिलं नाही, पाजलं. मग मास्तरांना म्हणाला, "आते सांगा त्याले. बठ्ठं सरनं." सगळं संपलं. आणि मळ्याच्या वाटेनं निघून गेला. माझ्याकडे त्यानं वळून पाहिलं नाही.

मास्तरांनी खुर्ची पुढं सरकवली आणि म्हणाले, बसा. मी बसतो न बसतो तोच साउंडर वाजला. बळीराम.

'दोरा कापला?'

मी दिलं, कापला.

'पाणी प्यालास?'

प्यालो.

मग तो जुना रेंगाळणारा हात परत आला. 'काशी गेली. एकला पाच कमी.'

मी ते सवयीनं फॉर्मवर लिहून काढलं. लिहून झाल्यावर वाचलं.

त्यापाठोपाठ लाइनवर जो कडकडाट उठला तसा मी नोकरीत पुन्हा कधी ऐकला नाही. बळीरामनं सुटी मागणारी तार दिली, बदली माणूस मागितला, अमळनेरला सासऱ्याला निरोप दिला. जळगाव बोललं, धरणगाव बोललं, सगळ्यांनी त्याला धीर दिला. पाच तास प्रत्येकानं दाबून धरलेलं एकदम बाहेर पडलं.

रीतीचा उरलेला अर्धा भाग मला तेव्हा कळला. मास्तरांनी सांगितला; नानानं पाय घट्ट धरला तेव्हाच ते समजून चुकले होते. निरोप्या बांधलेला असताना पान लागलेलं माणूस गेलं, आणि ते निरोप्याच्या कानावर पडलं, तर चढलेला अर्धा हिस्सा उतरत नाही. तो निरोप्यालाही घेऊन जातो. म्हणून दोरा सुटेपर्यंत निरोप्याला मरणाची बातमी द्यायची नाही. आणि आमच्या लाइनवर कुठलीही बातमी कुठंही पाठवली तरी ती माझ्या टेबलावर वाजणार होती.

म्हणजे बघा. बायको गेली तेव्हा बळीराम कुणालाही तार करू शकत नव्हता. बदली माणूस मागवता येत नव्हता, कारण का ते सांगावं लागलं असतं. तो माणूस बायकोला शेजारणींच्या हवाली करून पुन्हा खुर्चीवर येऊन बसला, गाड्या सोडत राहिला, आणि मी विचारलं की 'ठीक आहे' देत राहिला. मालगाडी थांबली तेव्हा त्यानं गार्डला तोंडी सांगितलं. गार्डनं पुढच्या स्टेशनांना आणि जळगावला तोंडी सांगितलं, अलीकडच्यांना उलट येणाऱ्या गाडीच्या गार्डनं. आणि मी इकडे टेबलावर थापा मारत होतो.

सर्वांत वाईट पुढं आहे. काशीचा बाप अमळनेरला राहत असे. एकच लेक. एक वाजता त्याला तार मिळाली असती तर संध्याकाळच्या पॅसेंजरनं तो येऊन पोचला असता. निरोप मिळाला तेव्हा ती गाडी निघून गेली होती. बदली माणूस आल्यावर आळीतल्या म्हाताऱ्यांनी आणखी थांबू दिलं नाही, रात्रीच उरकलं. बाप सकाळच्या गाडीनं आला तेव्हा राख होती. लेकीचं तोंड त्याला दिसलं नाही.

दहाव्याला मी रजा काढून गेलो. बळीरामला पहिल्यांदा पाहिलं. मी मनात काहीतरी भारदस्त माणूस धरून होतो. हा किरकोळ अंगाचा, माझ्याहूनही लहान निघाला. मी त्याला रागावलोच. वाटेत दोन तास शब्द जुळवत गेलो होतो, पण तोंडातून आला तो राग. म्हटलं, कुणी सांगितलं होतं तुला? मला मानायचं नव्हतं असलं काही. एका दोऱ्यापायी तुझ्या सासऱ्याला लेकीचं तोंड...

तो म्हणाला, "भाऊ, तुला मीच बांधलं होतं ना. ती गेली ते माझ्या हातात नव्हतं. तू माझ्या हातात होतास."

मला रडू आलं. त्याच्या सासऱ्यासमोर आलं. सासरा खांबाला टेकून बसला होता. मी पाया पडलो तर त्यानं पाय मागं घेतले नाहीत, एवढंच.

महिन्यानं तारांचा इन्स्पेक्टर आला. मरणाची तार, घटना एकला पाच कमी, आणि लाइनवर आली सहा वाजून गेल्यावर. रजिस्टरात विलंबाच्या कारणाचा रकाना असतो. तिथं बळीरामनं लिहिलं होतं, 'लाइन खराब.' इन्स्पेक्टरनं धरणगाव पाहिलं, अमळनेर पाहिलं, जळगाव पाहिलं. जिथं जिथं त्या तारेची नोंद होती तिथं तिथं तेच दोन शब्द. कुणी कुणाला सांगितलं नव्हतं. माझ्या रजिस्टरातही होते, माझ्याच अक्षरात. त्यानं त्याच पानावर बोट ठेवून विचारलं, की आभाळ स्वच्छ, वारा नाही, त्याच पाच तासांत ह्याच तारेवर तुम्ही गाड्यांचे अकरा निरोप घेतलेत. मग लाइन खराब कशी?

मगनभाई उठून उभे राहिले, कोटाची बटणं लावली आणि म्हणाले, "साहेब, एका मेसेजपुरती खराब होती."

इन्स्पेक्टरनं त्यांच्याकडे पाहिलं. पुढं काही न विचारता सही केली. पंधरवड्यानं आम्हा सगळ्यांना लेखी ताकीद आली. माझी अजून ठेवलेली आहे.

डावा पाय तेवढाच का, करंगळी कशी कळली, आणि एकला पाच कमी असताना काय झालं, हे मला कुणी विचारू नये. उभ्यानं सहा तास, उपाशी, तहानलेला. पाय बधिर व्हायचाच. डॉक्टरांनी मला हेच सांगितलं. मी मान डोलावली.

पुढं बरीच वर्षं मी शिकाऊ सिग्नलरांना शिकवलं. पहिल्या दिवशी सांगायचो, आलेली तार ताबडतोब पोचती करायची. ती कुणाला सोसेल, कुणाला नाही, हे बघणं आपलं काम नव्हे. नियम चांगला आहे. त्या दिवशी आम्ही तो पाळला असता तर काशीच्या बापाला तिचं तोंड दिसलं असतं. मी असतो का, ते मात्र मला माहीत नाही; आणि ते माहीत करून घ्यायची बळीरामची तयारी नव्हती.